संधिवातात सांध्यांची सोनोग्राफी : कोकणातील रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपल्याकडे बहुतेक जण आमवात किंवा नुसता संधिवात म्हणतात, त्याच्या रुग्णांना अलीकडे हातापायांच्या सांध्यांची सोनोग्राफी सुचवली जाते. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील रुग्णांसाठी ही तपासणी म्हणजे बहुधा एक संपूर्ण दिवस, प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला रोजगार असतो. म्हणून ती कधी उपयोगाची आहे, कधी नाही आणि करायचीच असेल तर तिच्यातून पुरेपूर माहिती कशी मिळवावी, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

सोनोग्राफी तर पोटाची किंवा गरोदरपणात करतात. सांध्याची कशासाठी?

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतील पातळ अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजते, जाड होते, त्यात नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात आणि कालांतराने ते शेजारची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) व हाड पोखरू लागते. डॉक्टर बोटांनी दाबून सूज तपासतात आणि ती तपासणी आजही सर्वांत महत्त्वाची आहे. परंतु अस्तराची थोडी जाडी, सांध्यात साठलेले थोडेसे पाणी किंवा कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाच्या) आवरणाला आलेली सूज हाताला नेहमीच जाणवत नाही. सोनोग्राफी ती दाखवते.

ही कल्पना नवीन नाही. गुडघ्यामागची गाठ आणि पोटरीतील शिरेचा दाह यांतील फरक ओळखण्यासाठी ध्वनिलहरींचा वापर १९७२ मध्येच नोंदवला गेला होता, आणि १९७८ मध्ये संधिवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यातील सुजलेले अस्तर सोनोग्राफीने पाहिले गेले. बोटांचे लहान सांधे नीट दिसण्यासाठी मात्र अधिक सूक्ष्म प्रोब (त्वचेवर टेकवायचा यंत्राचा भाग) तयार होईपर्यंत थांबावे लागले.

यंत्र नेमके काय दाखवते? ‘डॉपलर’ म्हणजे काय?

मच्छीमारी नौकांवर बसवलेला फिशफाइंडर पाण्यात ध्वनिलहरी सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून तळ किती खोल आहे व मासळीचा थवा कोठे आहे ते दाखवतो. सोनोग्राफीचे मूळ तत्त्व तेच आहे. फरक इतकाच की येथे लहरींची कंप्रता खूप जास्त असते. बोटांच्या सांध्यांसाठी साधारणपणे १० ते १८ मेगाहर्ट्झ किंवा त्याहूनही अधिक. कंप्रता जितकी जास्त, तितके बारकावे स्पष्ट दिसतात, पण लहर तितकी खोल जात नाही. बोटांचे सांधे त्वचेच्या अगदी जवळ असल्यामुळे ही मर्यादा तेथे आड येत नाही. पोटासाठी वापरला जाणारा कमी कंप्रतेचा वक्र प्रोब या कामासाठी योग्य नाही, आणि तपासणीची वेळ घेतानाच ‘लहान सांध्यांसाठीचा लिनिअर, म्हणजे सपाट तोंडाचा, प्रोब आहे का’ असे विचारणे मुळीच गैर नाही.

तपासणीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात राखाडी छटांचे चित्र मिळते, त्याला ग्रे-स्केल म्हणतात. त्यात अस्तराची जाडी, पाणी, कंडरेच्या आवरणाची सूज आणि हाडाला पडलेल्या खाचा दिसतात. दुसरा भाग पॉवर डॉपलरचा. तो अस्तरातील रक्तप्रवाह रंगीत ठिपक्यांच्या रूपात दाखवतो, आणि माझ्या मते या संपूर्ण तपासणीचे खरे मोल त्यातच आहे. कारण जाड झालेले अस्तर जुन्या, शांत झालेल्या आजाराचा अवशेषही असू शकते; त्यात रक्तप्रवाह वाढलेला दिसला, तर दाह आज चालू आहे असे समजावे. डॉपलर न करता केलेली सांध्यांची सोनोग्राफी ही अर्धवट तपासणी होय.

माझा एक्स-रे नॉर्मल आला आहे. मग ही तपासणी कशाला?

एक्स-रे मुख्यतः हाडे दाखवतो, आणि हाडात खाच पडून ती एक्स-रेमध्ये दिसू लागेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. म्हणजे आजाराच्या पहिल्या महिन्यांत, जेव्हा उपचाराचा लाभ सर्वाधिक मिळतो, तेव्हा एक्स-रे नॉर्मल असणे हेच अपेक्षित असते. त्यावरून ‘काही नाही, पावसाळ्याचे दुखणे आहे’ असा निष्कर्ष काढून घरी बसणाऱ्या रुग्णांचे फार मोठे नुकसान होते. अस्तराची सूज एक्स-रेमध्ये जवळजवळ दिसतच नाही, सोनोग्राफीत दिसते. हाडाच्या लहान खाचाही सोनोग्राफी पुष्कळ आधी पकडू शकते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आजाराच्या सुरुवातीच्या काळात, एक्स-रेच्या तुलनेत सोनोग्राफीने कित्येक पट अधिक खाचा शोधल्या होत्या.

तरीही खाच आहे असे म्हणण्यासाठी ती परस्परांना काटकोनात असलेल्या दोन छेदांत दिसावी लागते. एकाच कोनातून दिसलेला खळगा हा हाडाचा नैसर्गिक आकारही असू शकतो. शिवाय ध्वनिलहरी हाडाच्या आत शिरत नाहीत, त्यामुळे हाडाच्या गाभ्यातील सूज पाहायची असेल तर एमआरआयच करावा लागतो.

संधिवाताच्या प्रत्येक रुग्णाने सोनोग्राफी करावी का?

नाही. हे स्पष्टपणे सांगणे गरजेचे आहे, कारण नवीन तपासणी म्हणजे अधिक चांगला उपचार अशी समजूत सहज होते.

ज्या रुग्णाच्या दोन्ही हातांचे सांधे उघडपणे सुजलेले आहेत, अँटी-सीसीपी किंवा ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर (या आजारात रक्तात आढळणारी प्रतिपिंडे) ही रक्ततपासणी ठळकपणे पॉझिटिव्ह आहे, सीआरपी (रक्तातील दाहाचे प्रमाण दाखवणारे प्रथिन) वाढलेले आहे आणि त्रास सहा आठवड्यांहून अधिक काळ चालू आहे, त्याच्या निदानासाठी सोनोग्राफीची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१० मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून ठरवलेल्या निकषांत १० पैकी ६ किंवा अधिक गुण मिळाले की हा आजार निश्चित मानला जातो, आणि असा रुग्ण हे गुण सोनोग्राफीविनाच ओलांडतो.

उपचार सुरू असताना दर भेटीला सोनोग्राफी करून औषध ठरवावे का, हा प्रश्नही तज्ज्ञांनी तपासून पाहिला आहे. स्कॉटलंडमधील ‘टेसर’ आणि नॉर्वेमधील ‘आर्क्टिक’ या दोन चाचण्यांत रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटात नेहमीच्या तपासणीवरून औषध वाढवले गेले, तर दुसऱ्या गटात सोनोग्राफीचाही आधार घेतला गेला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या दोन्ही चाचण्यांत दोन्ही गटांची मुख्य प्रगती जवळपास सारखीच राहिली, सोनोग्राफीच्या गटात मात्र औषधे अधिक दिली गेली. याचा अर्थ तपासणी निरुपयोगी आहे असा होत नाही. अनुभवी डॉक्टर नियमितपणे सांधे तपासत असेल आणि आजार शांत होईपर्यंत औषध वेळेवर वाढवत असेल, तर प्रत्येक वेळी यंत्राची आवश्यकता नसते, एवढाच त्याचा अर्थ आहे. आंबा किंवा कुंभार्ली घाट चढून कोल्हापूर-कराडकडे जाणाऱ्या, अथवा रात्रीच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या रुग्णासाठी हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

मग ती कधी करावी? डॉक्टरांच्या मनात निश्चित प्रश्न असेल तेव्हा. सांधे दुखतात पण सूज आहे की नाही ते हाताला कळत नाही. रक्ततपासणी निगेटिव्ह आहे पण लक्षणे संशयास्पद आहेत. हात स्थूल असल्यामुळे तपासणी कठीण आहे. औषध कमी करण्याचा विचार चालू आहे. किंवा रुग्ण बरे वाटते म्हणतो आणि सीआरपी मात्र वाढलेले राहते. अशा प्रसंगी ही तपासणी उपचाराची दिशा बदलू शकते.

चिकुनगुनियानंतर माझे सांधे सुजले आहेत. हा तोच संधिवात आहे का, हे सोनोग्राफीत कळेल का?

कोकणात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रासह देशाच्या अनेक राज्यांत चिकुनगुनियाची मोठी साथ आली, आणि त्यानंतरही पावसाळ्यात व पावसाळ्यानंतर रुग्ण आढळतच राहिले आहेत. या तापानंतर मनगटे, बोटे आणि घोटे काही आठवडे, काहींच्या बाबतीत अनेक महिने सुजलेले राहतात, आणि बाहेरून पाहता ते ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससारखेच दिसतात.

दुर्दैवाने सोनोग्राफीतही ते बरेचसे सारखे दिसतात. यंत्र दाह आहे की नाही, कोठे आहे आणि किती आहे हे सांगते. दाहाचे कारण सांगत नाही. तापाचा इतिहास, आजाराचा कालावधी, चिकुनगुनियाची आणि अँटी-सीसीपीची रक्ततपासणी व काही आठवड्यांनी केलेली फेरतपासणी यांवरूनच निदान करावे लागते. येथे सोनोग्राफीचा उपयोग वेगळा आहे. दोन-तीन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत दाह ओसरत चालला आहे की वाढत आहे, आणि हाडाला खाचा पडू लागल्या आहेत का, हे त्यातून समजते.

गाउटच्या (युरिक ॲसिड साठून होणाऱ्या सांधेदुखीच्या) बाबतीत मात्र सोनोग्राफी कारणाकडेही बोट दाखवू शकते. युरिक ॲसिडचे स्फटिक कूर्चेच्या पृष्ठभागावर साठले की हाडाच्या रेषेला समांतर अशी दुसरी तेजस्वी रेषा दिसते.

कोणते सांधे तपासतात? पायाचा उल्लेख डॉक्टरांनी का केला?

सामान्यतः दोन्ही मनगटे, बोटांच्या मुळाचे व मधले सांधे आणि पायाच्या बोटांच्या मुळाचे सांधे पाहिले जातात. त्रास असेल त्याप्रमाणे गुडघा, घोटा, कोपर किंवा खांदा. बोटांच्या टोकाजवळचे सांधे या आजारात सहसा वाचतात.

पायांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. आजाराची तीव्रता मोजण्यासाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या डास-२८ या मोजणीत २८ सांधे धरतात, आणि त्यांत पावलांचा एकही सांधा नाही. प्रत्यक्षात पायाच्या करंगळीच्या मुळाशी हाडाची खाच कित्येकदा सर्वांत आधी पडते. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभे राहून दुखणारी पावले ‘कामामुळे दुखतात’ म्हणून रुग्ण सांगत नाहीत, आणि घाईच्या ओपीडीत चप्पल काढून पाय तपासलेही जात नाहीत. पाय दुखत असल्यास ते आवर्जून सांगावे आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर पावलांचा उल्लेख आहे ना, हे पाहावे.

तपासणीला येताना काय तयारी करावी?

उपाशी राहण्याची किंवा भरपूर पाणी पिण्याची गरज नाही. अंगठ्या आणि घट्ट बांगड्या काढता आल्यास काढाव्यात. सांध्यांवर तेल, लेप किंवा मलम लावलेले असल्यास धुऊन यावे.

डॉपलरच्या अचूकतेसाठी काही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. थंडीमुळे त्वचेजवळचा रक्तप्रवाह कमी होतो आणि शेकल्याने वाढतो. म्हणून त्या दिवशी सकाळी गरम पाण्याचा शेक घेऊ नये, आणि पावसात दुचाकीवरून किंवा वातानुकूलित गाडीतून आल्यास हात खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थोडा वेळ शांत बसावे. वेदनाशामक गोळ्या आणि स्टेरॉइड यांमुळे दाहाची खूण फिकी पडू शकते. कोणती गोळी कधी घेतली हे तपासणाऱ्याला सांगावे. मात्र कोणतेही औषध, विशेषतः या आजारावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तपासणी चालू असताना हात टेबलावर सैल, सपाट ठेवावा. तपासणाऱ्याने भरपूर जेल वापरून प्रोब अगदी हलका टेकवायचा असतो, कारण दाब पडला की अस्तरातील बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि चालू असलेला दाह अदृश्य होतो. सांध्यांच्या संख्येनुसार पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो.

अहवालात काय असायला हवे?

‘संधिवाताचे बदल आढळले’ एवढ्याच वाक्याचा अहवाल उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या फारसा कामाचा नसतो. कोणत्या हाताचा कोणता सांधा, ग्रे-स्केलची श्रेणी, डॉपलरची श्रेणी, कंडरांची स्थिती आणि खाचा आहेत की नाहीत, या प्रत्येक बाबीची स्वतंत्र नोंद असावी. श्रेणी ० ते ३ अशी दिली जाते. डॉपलरमध्ये ० म्हणजे ठिपका नाही, १ म्हणजे मोजके ठिपके, २ म्हणजे सुजलेल्या अस्तराच्या अर्ध्यापर्यंत रंग आणि ३ म्हणजे अर्ध्याहून अधिक भागात रंग.

ग्रे-स्केलमधील श्रेणी १ पाहून घाबरू नये. निरोगी माणसांतही ती आढळते, आणि पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी थोडे पाणी असणे अगदी सामान्य आहे.

दोन ठिकाणी तपासणी केली आणि दोन्ही अहवाल वेगळे आले. असे कसे?

ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर आणि यंत्राच्या मांडणीवर बरीच अवलंबून असते. प्रोब किंचित तिरका झाला तर निरोगी कंडराही काळी दिसते आणि सुजल्याचा भास होतो. डॉपलरची संवेदनशीलता हृदय किंवा मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी ठेवलेली असेल तर बोटांमधील मंद प्रवाह पकडलाच जात नाही. शक्यतो एकाच ठिकाणी, एकाच तज्ज्ञाकडून फेरतपासणी करावी, आणि जुना अहवाल चित्रांसह सोबत न्यावा.

मला काहीच त्रास नाही, तरी अहवालात दाह चालू असल्याचे लिहिले आहे. औषध वाढवावे का?

एकट्या अहवालावरून नाही. रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही आजार शांत वाटत असताना डॉपलरमध्ये रक्तप्रवाह दिसणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, आणि अशा सांध्यांत पुढे हाडाचे नुकसान होण्याचा किंवा आजार पुन्हा उसळण्याचा धोका अधिक असतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. म्हणून या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करू नये. परंतु वर सांगितलेल्या चाचण्यांमुळे केवळ त्यापोटी औषध वाढवण्याचीही घाई नको. व्यवहारात अशा रुग्णाचे औषध कमी करणे पुढे ढकलतात, फेरतपासणी लवकर ठेवतात आणि हाडांचे एक्स-रे वेळोवेळी पाहतात. हा मार्ग मला योग्य वाटतो.

याउलट, मला खूप दुखते आणि सोनोग्राफीत दाह नाही. डॉक्टर माझ्यावर विश्वास ठेवतील का?

ठेवलाच पाहिजे. दाह नसतानाही वेदना असू शकते. पूर्वी झालेले सांध्याचे नुकसान, वयोमानाने झालेली झीज, फायब्रोमायॅल्जिया (दाहाविना सर्वांगाला दुखणारा विकार), अपुरी झोप, किंवा मनगटातील सुजेने पूर्वी दाबली गेलेली नस ही तिची कारणे असतात. दमट हवेत सांधे जास्त आखडतात असे अनेक रुग्ण सांगतात, आणि ती वेदना खरीच असते. अशा वेळी सोनोग्राफीचा लाभ असा की रोगप्रतिकारशक्ती दाबणारे जास्त प्रभावी औषध विनाकारण दिले जात नाही आणि वेदनेच्या खऱ्या कारणावर उपचार सुरू होतो.

सांध्यातील इंजेक्शनसाठी सोनोग्राफी लागते का?

गुडघ्यासाठी सहसा नाही. मनगट, बोटांचे सांधे, कंडरेचे आवरण किंवा खुबा यांत सुई अचूक जागी पोहोचण्यासाठी मात्र तिची चांगली मदत होते.

माझ्या आईला संधिवात आहे आणि एकाएकी पोटरी सुजली आहे.

गुडघ्यामागे साठलेल्या पाण्याची गाठ फुटली तर पोटरी अशी सुजते. पण शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावरही हुबेहूब तशीच सुजते, आणि ती गुठळी जीवघेणी ठरू शकते. मालिश करू नये. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात दाखवावे. पायाच्या शिरांच्या डॉपलर तपासणीने दोन्हींतील फरक समजतो. ही तपासणी साध्या रेडिओलॉजी केंद्रातही होते.

गरोदरपणात सांध्यांची सोनोग्राफी चालते का?

चालते. तिच्यात क्ष-किरण नसतात. हा आजार गरोदरपणात अनेक स्त्रियांत शांत होतो आणि बाळंतपणानंतर उसळतो, त्यामुळे त्या महिन्यांत अंगावर दुखणे काढू नये.

यंत्र लहान असते म्हणतात. मग तज्ज्ञ ते आमच्या गावात घेऊन का येत नाहीत?

गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची व केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि हातात नेता येणारे यंत्रही नोंदलेल्या जागेबाहेर सहजासहजी वापरता येत नाही. सांध्यांसाठी घेतलेल्या यंत्रालाही या नियमांतून सूट नाही. मुलींच्या जन्मावर घाला घालणारी प्रथा रोखण्यासाठी हा कायदा आवश्यक होता, आणि त्याची शिस्त पाळलीच पाहिजे. मात्र त्यामुळे तपासणी रुग्णापर्यंत नेणे अवघड होते, हेही खरे आहे. जिल्ह्यातील नोंदणीकृत केंद्रांमधील रेडिओलॉजिस्टना लहान सांध्यांच्या तपासणीचे प्रशिक्षण मिळणे, हा मला अधिक व्यवहार्य मार्ग दिसतो.

तपासणीची वेळ महिन्याभराने मिळाली आहे. तोपर्यंत उपचार थांबवावेत का?

निदान स्पष्ट असेल तर मुळीच थांबवू नयेत. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे वाया गेलेला महिना महागात पडतो. हे औषध आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते, आणि ते चालू असताना रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. निदान अनिश्चित असेल, तर मात्र जास्त मात्रेचे स्टेरॉइड सोनोग्राफीच्या आधी सुरू केल्याने दाहाच्या खुणा पुसल्या जाऊ शकतात. अशा वेळी आपल्या डॉक्टरांनी तपासणी करणाऱ्या केंद्राशी फोनवर बोलून लवकरची वेळ मागावी, आणि चिठ्ठीवर संशयित निदान, चालू औषधे व नेमका प्रश्न लिहून द्यावा.